वेबसाइटचा सातबारा कोणाच्या नावावर?

२०२५ च्या नवरात्रात डोंबिवलीच्या एका फराळवाल्या काकूंचा फोन आला. "अरे, यंदा वेबसाइटवरून एकही ऑर्डर नाही. लोकांनी चकल्या खायच्या सोडल्या की काय?"

दिवाळीला जेमतेम तीन आठवडे राहिले होते. मी मोबाइलवर त्यांची साइट उघडली. चांगली चालू होती. चकल्यांचा फोटो जागेवर, अनारशांचा भाव जागेवर, खाली चौकशीचा फॉर्म जागेवर. फॉर्म भरला : दोन किलो चिवडा, एक किलो शंकरपाळे, मुक्काम ठाणे. बटण दाबताच हिरवी पट्टी आली, 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू.' काकूंना म्हटलं, आता मेल बघा. काही आलेलं नव्हतं. म्हटलं, स्पॅमच्या फोल्डरमध्ये बघा. फोनवर थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "अगं बाई! इथे तर ३१ जण ताटकळत बसलेत."

सगळ्यात जुनी चौकशी १९ दिवसांपूर्वीची होती. न्यू जर्सीच्या एका ताईंनी तीनदा लिहिलं होतं. तिसऱ्यांदा फक्त एवढंच : "राहू द्या, मिळाला दुसरीकडे."

मी अशा डझनभर लहान व्यवसायांच्या साइट सांभाळतो. मसाले, होमस्टे, एक फिजिओथेरपीचं क्लिनिक, एक फ्लेक्स छापणारा. मेंटेनन्स म्हटलं की यातल्या प्रत्येकाला आधी हॅकर आठवतो. हॅकर येतात, त्यांच्याबद्दल पुढे सांगतोच. पण मी पाहिलेल्या बंद पडलेल्या साइटपैकी बहुतेक साइट कोणाच्या तरी विसरण्याने बंद पडल्या. कोणी तारीख विसरलं, कोणी पासवर्ड, आणि साइट कोणाच्या नावावर आहे हेच कित्येकांना कधी माहीत नव्हतं. त्यामुळे हा लेख कॉम्प्युटरपेक्षा वहीखात्याच्या जास्त जवळचा आहे. ज्याला दुकानाचं लाइट बिल आणि गुमास्ता परवाना सांभाळता येतो, त्याला हे जमतं.

काकूंची मेल स्पॅममध्ये का गेली

सप्टेंबरच्या सुरुवातीला होस्टिंग कंपनीने, म्हणजे साइट ठेवायला जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने, त्यांची साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती. तशी सूचनाही आली होती. इंग्रजीत, लांबलचक. ती कोणी वाचली नव्हती, मीसुद्धा.

आता यात मेलचा काय संबंध? तुमच्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरला आहे, याची एक यादी डोमेनच्या नोंदींमध्ये जाहीर ठेवता येते. तिला एसपीएफ म्हणतात. जीमेलकडे पत्र आलं की जीमेल आधी ही यादी बघतं. पत्रावर पाठवणारा म्हणून डोंबिवलीच्या काकूंचं नाव आणि शिक्का मात्र भलत्याच पोस्टाचा, असं दिसलं की पत्र सरळ संशयितांच्या गठ्ठ्यात. काकूंच्या यादीत जुन्या सर्व्हरचाच पत्ता होता. नव्या सर्व्हरने इमानेइतबारे ३१ पत्रं पाठवली आणि जीमेलने ती तितक्याच इमानाने बाजूला काढली.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे नियम आणखी कडक केले आहेत. एसपीएफ, आणि तिच्या जोडीला डीकेआयएम नावाची डिजिटल सही, यांपैकी निदान एक तरी असल्याशिवाय मेल पोचेल याची खात्री धरू नये. बऱ्याच साइटवर आणखी एक चूक सापडते. फॉर्म असा बसवलेला असतो की चौकशी करणाऱ्याचाच पत्ता 'पाठवणारा' म्हणून लागतो. म्हणजे कोणा कुलकर्ण्यांच्या जीमेलच्या नावाने तुमचा सर्व्हर पत्र धाडतो. जीमेलच्या दृष्टीने ही चक्क तोतयेगिरी. पाठवणारा म्हणून तुमच्याच डोमेनचा पत्ता हवा, आणि ग्राहकाचा पत्ता 'उत्तर कोणाला' या रकान्यात.

यावर टिकाऊ उपाय म्हणजे फॉर्मची मेल तुमच्या खऱ्या मेल खात्यातून, त्यात रीतसर लॉगिन करून पाठवायची. या सोयीला एसएमटीपी म्हणतात. साइट ज्यावर उभारतात त्या वर्डप्रेसमध्ये त्यासाठी फुकट प्लगइन, म्हणजे जोडायचे सुटे भाग, मिळतात आणि बसवायला अर्धा तास पुरतो. शिवाय प्रत्येक चौकशीची एक प्रत साइटच्या आतच साठेल अशी सोय करून घ्या. मेल हरवली तरी माणूस हरवत नाही.

पण खरा उपाय याहून साधा आहे. महिन्यातून एकदा स्वतःच्या साइटवर ग्राहक होऊन जायचं. फॉर्म भरायचा, फोन नंबरवर बोट ठेवून फोन लागतो का बघायचं, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबायचं, ऑनलाइन पैसे घेत असाल तर सगळ्यात स्वस्त वस्तू स्वतःच विकत घ्यायची. हे मोबाइलवर करायचं, आणि आपल्या वायफायवरून नको, मोबाइल डेटावरून. ग्राहक तसाच येतो.

नाव आणि तारीख

ती मेल दुरुस्त करायला बसलो तेव्हा दुसरं घबाड सापडलं. डोमेनची नोंद बदलायला डोमेनच्या खात्यात शिरावं लागतं. खातं कोणाचं? काकूंच्या भाच्याचं. त्याने कॉलेजात असताना हौसेने साइट करून दिली होती. खात्याला ईमेल त्याच्या कॉलेजचा, जो पदवीबरोबर संपला. ओटीपी जायचा त्याच्या जुन्या मोबाइल नंबरवर, जो तो जर्मनीला गेल्यावर बंद झाला. भाचा गुणी. रात्री जागून आमच्याबरोबर ओळखपत्रं पाठवत बसला. तरी खातं हातात यायला नऊ दिवस गेले. तेवढे दिवस काकू रोज स्पॅम उघडून ऑर्डरी वेचत होत्या.

जमीन घेताना आपण सातबारा बघतो. आठ-अ बघतो, फेरफार बघतो. आणि जिच्यावर धंद्याचा पत्ता उभा आहे ती साइट कोणाच्या नावावर आहे हे वर्षानुवर्षं विचारत नाही. चार गोष्टी वेगवेगळ्या असतात, आणि बऱ्याचदा चार वेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात. डोमेन, म्हणजे साइटचं नाव. होस्टिंग, म्हणजे ज्या सर्व्हरवर साइटच्या फाइल राहतात ती भाड्याची जागा. साइटच्या आतलं अ‍ॅडमिन खातं. आणि गूगलवरची तुमच्या दुकानाची नोंद, जिच्यात नकाशा, वेळा आणि ग्राहकांचे अभिप्राय येतात. या चारही ठिकाणी मालक म्हणून तुमचं नाव, तुमचा ईमेल आणि तुमचा मोबाइल असायला हवा. वेबसाइटवाल्याला, भाच्याला, ऑफिसातल्या मुलीला कामापुरता प्रवेश द्यावा. मालकी देऊ नये. वेबसाइटवाल्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं आणि पुढे पैशांवरून बिनसलं, मग 'तुमचंच नाव, पण माझ्या खात्यात' असं ऐकावं लागलं, अशी दोन प्रकरणं मी जवळून पाहिली आहेत.

इथे एक बारकी मेख आहे. डोमेनच्या खात्याला जो ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेनची मुदत संपली की त्यावरची मेलही बंद पडते, आणि मुदत संपल्याची सूचना नेमकी त्याच पेटीत येऊन पडायची असते. दुकानासाठी एक वेगळं जीमेल काढा आणि चारही ठिकाणी तेच द्या.

आता तारीख. सातबाऱ्याची तुलना इथे थोडी लंगडी पडते, कारण डोमेन कधीच कायमचं विकत मिळत नाही. तो भाडेपट्टा असतो. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचा. डॉट कॉमची मुदत संपली की साधारण असं होतं : साइट आणि मेल लगेच किंवा थोड्या दिवसांत बंद. त्यानंतर जास्तीत जास्त ४५ दिवस, डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या धोरणाप्रमाणे, नेहमीच्या दरात नाव परत मिळू शकतं. मग ३० दिवसांचा काळ येतो, त्यात नाव सोडवायला जबर दंड पडतो. मग पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव बाजारात, जो आधी घेईल त्याचं. अशी सुटलेली जुनी नावं टिपायला लोक टपलेले असतात, कारण तुमच्या नावाने येणारं गिऱ्हाईक त्यांना आयतं मिळतं.

हे फक्त लहान माणसांचं होतं असं समजू नका. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचे पैसे भरायला विसरली. तिच्या हॉटमेल या ईमेल सेवेचं लॉगिन त्यातूनच चालायचं, त्यामुळे हॉटमेलमध्ये लोकांना शिरता येईना. ऐन नाताळात अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते चालू केलं.

"पण माझं ऑटो रिन्यू चालू आहे," असं हमखास सांगितलं जातं. आपल्याकडे त्यावर विसंबू नये, आणि त्याला कारण आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायचे असतील तर आधी ई-मँडेट, म्हणजे तशी ऑनलाइन परवानगी, नोंदवावा लागतो, आणि पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी तशी सूचना यावी लागते. परदेशी कंपन्यांपैकी अनेकींची ही व्यवस्था जुळलेली नव्हती, तिथे वर्षानुवर्षं बिनबोभाट कापले जाणारे पैसे एकाएकी नाकारले जाऊ लागले. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना तुमच्या कार्डाचा नंबर साठवूनही ठेवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे नंबराऐवजी चालणारा सांकेतिक क्रमांक, घ्यावं लागतं. शिवाय कार्डाची स्वतःची मुदत संपते ती वेगळीच. तेव्हा स्क्रीनवर ऑटो रिन्यू हिरवं दिसत असलं तरी मुदतीच्या महिनाभर आधी स्वतः जाऊन पैसे भरावेत. साधारण हजार-दीड हजाराचा मामला आहे. नाव धंद्याचं असेल तर मी एकदम पाच वर्षांचे भरून टाकायला सांगतो.

उलट बाजूही सांगतो. डोमेनची मुदत संपतेय, ताबडतोब अमुक लिंकवर पैसे भरा, अशा खोट्या मेल भरपूर येतात. लिंक कधी दाबू नका. आपल्या डोमेन-विक्रेत्याची साइट स्वतः टाइप करून उघडा. खरी तारीख कळायला, डोमेनच्या नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर आपलं डोमेन टाकलं की पुरे.

काकूंच्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता चार ओळी आहेत. डोमेन, होस्टिंग, अ‍ॅडमिन, गूगल. प्रत्येकापुढे कंपनी, कोणता ईमेल, पुढची तारीख. पासवर्ड वहीत नाहीत, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये. पाडव्याला वहीपूजन झालं की त्या हे पान उघडून तारखा तपासतात. मला ही कल्पना फार आवडली, त्यांचीच आहे.

ब्राउझरमधलं कुलूप, म्हणजे एसएसएल प्रमाणपत्र, हेही मुदतीचंच असतं. ते संपलं की ग्राहकाला लाल पडदा दिसतो आणि तो पळतो. जुलै २०१८ पासून क्रोम तर कुलूप नसलेल्या प्रत्येक साइटवर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारतो. लेट्स एनक्रिप्ट या संस्थेची फुकटची प्रमाणपत्रं ९० दिवसांची ठेवलेली आहेत. विकतच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदतही टप्प्याटप्प्याने कमी होणार असं ठरलं आहे : मार्च २०२६ पासून २००, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे हे काम हाताने करायचे दिवस गेले. होस्टिंगवाल्याला एकच प्रश्न विचारा : आपोआप नवं होतं ना?

अपडेट : कधी आणि कसे

जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक साइट वर्डप्रेसवर चालतात, तुमचीही बहुधा असेल. वर्डप्रेस हा मूळ सांगाडा, त्यावर थीम म्हणजे रंगरूप, आणि प्लगइन म्हणजे फॉर्म, फोटोगॅलरी, पेमेंट असे सुटे भाग. हे सगळे भाग जगभरची वेगवेगळी माणसं लिहितात आणि त्यांत चुका निघत राहतात. अपडेट म्हणजे मुख्यतः या चुकांची दुरुस्ती.

आणि दुरुस्ती जाहीर झाली की चूक कुठे होती हेही जाहीर होतं. अपडेट टाळण्यातला धोका इथे आहे. वर्डप्रेसने २६ जानेवारी २०१७ रोजी ४.७.२ ही आवृत्ती काढली. आधीच्या आवृत्तीत अशी फट होती की कोणीही लॉगिन न करता तुमच्या पानावरचा मजकूर बदलू शकत होता. लोकांना अपडेट करायला वेळ मिळावा म्हणून आठवडाभर त्यांनी या फटीबद्दल अवाक्षर काढलं नाही. १ फेब्रुवारीला सांगितलं, आणि नंतरच्या काही दिवसांत लाखो पानं विद्रूप झाली. ज्यांच्याकडे आपोआप अपडेट चालू होतं त्यांना काही कळलंसुद्धा नाही.

प्लगइनचं उदाहरण २०२० चं. फाइल मॅनेजर नावाचं एक प्लगइन सात लाखांहून जास्त साइटवर होतं. त्यात दुसरीकडून घेतलेली एक नमुन्याची फाइल चालू अवस्थेत राहून गेली होती, आणि तिच्यातून कोणीही बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरवर हवी ती फाइल चढवू शकत होता. १ सप्टेंबरला दुरुस्ती आली, पण हल्ले त्याआधीच सुरू झाले होते. माझ्याकडच्या एका साइटवर हे प्लगइन होतं. कशासाठी, कोणालाच आठवत नव्हतं. कोणीतरी कधीतरी एक फोटो चढवायला बसवलं आणि तसंच राहिलं. म्हणून अपडेटच्या आधीचं काम म्हणजे छाटणी. जे वापरात नाही ते काढून टाका. नुसतं 'बंद' केलं तरी त्याच्या फाइल सर्व्हरवर पडूनच असतात. पुसून टाका. आणि टेलिग्रामवर फुकट मिळणाऱ्या 'प्रीमियम' थीम आणि प्लगइन अजिबात बसवू नका. त्यांत मागचं दार कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं.

अपडेट करताना माझी पद्धत अशी. आधी बॅकअप. मग एकेक प्लगइन, सगळी एका दमात नाहीत. बिघडलं तर कोणामुळे हे कळायला हवं. प्रत्येकानंतर साइट उघडून फॉर्म आणि पेमेंट बघायचं. वार मंगळवार किंवा बुधवार, वेळ सकाळची. शुक्रवारी संध्याकाळी अपडेट करून शनिवार-रविवार मदत शोधत फिरलेला माणूस मीच आहे. धंद्याच्या ऐन हंगामात मोठे बदल करू नयेत, पण सुरक्षेची दुरुस्ती आली तर हंगाम बघत बसू नये. वर्डप्रेसच्या मूळ सांगाड्याच्या लहान दुरुस्त्या २०१३ पासून आपोआप होतात, त्या बंद करू नका. २०२० पासून प्लगइनही आपोआप अपडेट करता येतात. फॉर्म, गॅलरी अशांना मी ती सोय लावतो. पेमेंट आणि दुकानाच्या प्लगइनना लावत नाही, ती हाताने.

या सगळ्याच्या खाली पीएचपी नावाचं इंजिन असतं, आणि त्यालाही वय असतं. पीएचपी ७.४ ला नोव्हेंबर २०२२ पासून सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळालेली नाही, तरी त्यावर चालणाऱ्या साइट मला अजून दिसतात. बदलायला होस्टिंगच्या पॅनलमध्ये एक बटण असतं. दाबण्याआधी मात्र जाणत्याला विचारा, जुनी थीम नव्या इंजिनावर रुसते.

तुमची साइट शॉपिफाय किंवा विक्ससारख्या तयार व्यवस्थेवर असेल तर हा पूर्ण भाग तुमच्यासाठी नाही, ते काम तेच करतात. महिन्याचं भाडं त्याचंच असतं. पण तिथेही घर भाड्याचं आहे. गूगलच्या दुकाननोंदीतून फुकट बनवता येणाऱ्या छोट्या साइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, आणि व्हिजिटिंग कार्डावर तोच पत्ता छापलेल्यांना कार्डं पुन्हा छापावी लागली.

बॅकअप, आणि तो उलटा टाकून बघणं

"होस्टिंगवाला बॅकअप घेतो" हे वाक्य ऐकलं की मी १० मार्च २०२१ ची गोष्ट सांगतो. त्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण खाक झाली, लाखो साइट बंद पडल्या. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा बॅकअपही गेला. घराची दुसरी किल्ली त्याच घराच्या कपाटात ठेवण्यासारखं झालं ते.

जाणकार ३-२-१ म्हणतात : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या ठिकाणी. लहान दुकानाला एवढं पुरतं की एक प्रत होस्टिंगवर, एक गूगल ड्राइव्हवर आपोआप, आणि महिन्याला एक पेन ड्राइव्हवर घरी. काकूंची संपूर्ण साइट दीड जीबीची आहे, नातवाच्या वाढदिवसाच्या व्हिडिओपेक्षा लहान. अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन ड्राइव्हवर प्रत आपोआप पाठवतं. किती वेळा? साइटवर रोज ऑर्डर येत असतील तर रोज. नुसता पत्ता, फोटो आणि भाव असेल तर आठवड्याला. हिशेब सोपा आहे : किती दिवसांचं काम पुन्हा करायची तुमची तयारी आहे?

फाइल आणि डेटाबेस दोन्ही घेतले जातात ना हे बघा. फोटो फाइलमध्ये असतात, मजकूर आणि ऑर्डरी डेटाबेसमध्ये. एकाविना दुसरा कामाचा नाही.

आणि वर्षातून एकदा तो बॅकअप खरोखर परत टाकून बघायचा, चालू साइटवर नव्हे, होस्टिंगवर एखादी रिकामी चाचणीची जागा करून. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचं काम साठवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका माणसाने चुकून खरा डेटाबेस पुसला. मग कळलं की बॅकअपच्या त्यांच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं.

मजकूर शिळा होतो

२०२५ चा तोच हंगाम. २५ ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं, कारण तिकडे ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी २९ ऑगस्टला संपणार होती. टपाल सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. परदेशी फराळ पाठवायचा नेमका तोच काळ. मधल्या काळात २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि पाकीटबंद चिवडा-चकलीचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. काकूंच्या साइटवर तेव्हाही 'अमेरिकेत पोस्टाने फराळ पोहोचवू' असं होतं आणि भाव जुन्या कराचा होता. साइट तांत्रिकदृष्ट्या ठणठणीत होती आणि दोन्ही गोष्टी खोट्या सांगत होती.

भाव, वेळा, सुट्या, पार्सल कुठे जातं, फोन नंबर, सोडून गेलेल्या माणसाचा फोटो. या यादीवरून महिन्याला एकदा नजर फिरवायची. साइटवर बदललं की गूगलच्या नोंदीतही बदला, लोक आधी तिथेच बघतात. ग्राहकांची नावं-नंबर साठवत असाल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ आला आहे, तेव्हा कोणती माहिती कशासाठी घेता हे साध्या मराठीत साइटवर लिहून ठेवा आणि नको असलेली जुनी माहिती पुसा.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. साइट हळू असेल तर दहातल्या नऊ वेळा मोबाइलवरून तसेच चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो कारण असतात. १६०० पिक्सेल रुंदीला आणून वेबपी या हलक्या फाइलप्रकारात बदलले की दोनशे केबीत बसतात. गूगलच्या पेजस्पीडवर साइटचा पत्ता टाका. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला तर उत्तम. शंभरपैकी शंभर गुण मिळवायच्या मागे लागू नका, त्याने चिवडा जास्त खपत नाही.

आणि तरीही कोणी घुसलंच तर

घुसखोरी मालकाला दिसत नाही अशीच केलेली असते. गूगलवर इंग्रजीत साइट हा शब्द, लगेच कोलन, आणि जागा न सोडता आपलं डोमेन असं टाकून बघा. त्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकचं मी असं बघितलं तर खाली शेकडो पानं जपानी लिपीत. बूट, घड्याळं, पिशव्या. डॉक्टरीणबाईंना साइट उघडल्यावर गुडघ्याचे व्यायामच दिसत होते. जपानी पानं फक्त गूगलच्या यंत्राला दाखवली जात होती. हा प्रकार इतका जुना आहे की गूगलनेच त्याच्यावर मार्गदर्शन लिहून ठेवलंय.

असं दिसलं तर घाईने फाइली पुसू नका. होस्टिंगवाल्याला कळवा, साइट तात्पुरती बंद ठेवा, सगळे पासवर्ड बदला, अ‍ॅडमिनच्या यादीत अनोळखी नाव आहे का बघा, घुसखोरीच्या आधीचा बॅकअप टाका, मग लगेच सगळं अपडेट करा. ते न केल्यास त्याच फटीतून तो परत येतो. शेवटी गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या सेवेतून गूगलला पुन्हा तपासायला सांगा. ही सेवा फुकट आहे, आणि साइटमध्ये गडबड दिसली तर गूगल तिथूनच कळवतं, म्हणून आजच जोडून ठेवा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

दाराला कडी म्हणून एवढं : अ‍ॅडमिन खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी, प्रत्येक माणसाला स्वतंत्र खातं, आणि माणूस नोकरी सोडेल त्याच दिवशी त्याचं खातं बंद. दुकानाची किल्ली परत घेतो तसंच.

हे सगळं बाहेरच्या माणसाला द्यायचं असेल तर जरूर द्या. लिफ्टची, वॉटर प्युरिफायरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, आपण करतोच. पण त्यात काय येतं हे कागदावर घ्या. अपडेट किती दिवसांनी, बॅकअप कुठे, परत टाकून कधी बघितला, साइट बंद पडली तर किती तासांत उत्तर, महिन्याला मजकुराचे किती बदल. 'फुल मेंटेनन्स' एवढ्याच दोन शब्दांची एएमसी म्हणजे बंद पडल्यावर फोन उचलायची एएमसी, आणि तोही उचलला तर.

काकूंनी महिन्याच्या कामाला संकष्टी धरली आहे. उपास असतो, चंद्रोदयाला वेळ असतो, हातात मोबाइल असतो. आधी साइट उघडतात, भाव वाचतात, मग फॉर्म भरतात. मेल वेळेवर पोचतेय ना हे कळावं म्हणून एक प्रत माझ्याकडेही येते. गेल्या संकष्टीची अशी होती : 'नाव : मीच. वस्तू : चकली, अर्धा किलो. पत्ता : स्वयंपाकघर. सूचना : ही टेस्ट आहे, गेल्या वेळेसारखी सूनबाईने पॅक करून ठेवू नये.'